वर्गातली माझी खुर्ची

बालवर्गात मोठ्यांच्या मापाची खुर्चीच नसते. मला मिळाली होती ती निळी, बुटकी. तिच्यात बसलं की गुडघे हनुवटीला टेकायचे आणि उठलं की ती माझ्याबरोबरच उठायची.

बाईंची पद्धत अशी, की नवं मूल आलं की पहिल्या दिवशी आईची खुर्ची त्याच्या टेबलाला खेटून. दुसऱ्या दिवशी हातभर मागे. मग आणखी हातभर. असं करत खुर्ची दाराशी पोचते आणि आई दाराबाहेर. मुलानं आईकडे हवं तितक्यांदा यावं, आईनं मात्र मुलाकडे जायचं नाही. रिकामे हात आपोआप मुलाकडे धावतात, म्हणून बाईंनी माझ्या मांडीवर तुटक्या मेणखडूंची टोपली ठेवली होती. त्यांचे कागद सोलत बसायचं.

माझी लेक साडेतीन वर्षांची. घरी तिला मुंगी म्हणतो, कारण ती खाली मान घालून सरळ रेषेत चालते. त्या रेषेच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा मी असते.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. रजा संपत आली होती. सोमवारी हजर झाले नाही तर माझी जागा दुसऱ्याला देऊ, असं साहेबांनी गोड आवाजात कळवलं होतं. बाईंनी त्याहून गोड आवाजात सांगितलं होतं, की शुक्रवारपर्यंत मुंगी तुमच्याशिवाय राहिली नाही तर जबरदस्ती नको, सहा महिन्यांनी बघू. सासूबाईंचं शिवणाचं दुकान, नवऱ्याची फिरतीची नोकरी. म्हणजे सगळा डाव त्या निळ्या खुर्चीवर होता.

आणि मी लबाडी करत होते. बाईंची पाठ वळली की टाचा रोवायच्या आणि खुर्ची इंचभर पुढे घ्यायची.

"मुंगीची आई, तुमच्या खुर्चीला पाय फुटलेत का हो?" बाईंनी मागे न बघता विचारलं.

"फरशी गुळगुळीत आहे," मी म्हटलं.

"हो ना. दाराकडे मात्र घसरत नाही."

बुधवारी मुंगीनं जगमधून पेल्यात पाणी ओतलं. पेला भरला, तरी ही ओततेच आहे. टेबल भिजलं, फ्रॉक भिजला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी रुमाल काढून अर्धी उठलेसुद्धा.

"बसा," बाई म्हणाल्या. "फडकं तिच्या हाताला लागेल असंच टांगलंय."

मुंगी फडक्याकडे बघेना. ती माझ्या रुमालाकडे बघत राहिली. शेवटी एका चष्मेवाल्या मुलानं येऊन पुसलं, आणि मला उगाच त्या मुलाचा राग आला.

गुरुवारी खुर्ची दाराशी आली. मी एक पाय बाहेर टाकला मात्र, मुंगीनं असा टाहो फोडला की शेजारच्या वर्गातलीही दोघं साथीला रडली.

निघताना मी बाईंना विचारलं, "घरी काही करून घेऊ का? अक्षरं, आकडे, काहीतरी?"

"एक काम तिचं म्हणून ठरवा. वाईट झालं तरी ते तिचंच राहू द्या. आणि तुमचे हात जरा आवरा."

म्हणून त्या संध्याकाळी जेवणाचं पाणी मुंगीनं वाढलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. आधी ताट भरलं, मग टेबल, मग सासूबाईंची मांडी.

"आज जेवण पोहत पोहत करायचं वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही याला पहिल्या दिवशी शाळेत कसं सोडलंत हो?" मी नवऱ्याकडे मान वळवत विचारलं.

"दारात सोडलं आणि वळले. दुपारपर्यंत रडला म्हणे."

"आणि आता बघ, किती स्वावलंबी झालोय," नवरा म्हणाला. "अगं, माझं मीठ कुठाय?"

मीठ त्याच्या समोरच होतं. मुंगी तोवर खुर्चीवरून उतरून फडकं घेऊन आली. तिनं पाणी पुसलं म्हणण्यापेक्षा सगळीकडे सारखं पसरवलं. पण पसरवलं तिनंच. माझे हात अजून मांड्यांखालीच होते. तसं बसून बसून माझी पाठ दुखायला लागली.

शुक्रवार. खुर्ची दाराशी, मी खुर्चीत, मुंगी माझ्या ओढणीला धरून. समोर मुलांनी खुर्च्यांची रांग लावून बस केली होती. चष्मेवाला ड्रायव्हर. मागे मुलं, दोन बाहुल्या आणि कापडी हत्ती.

"कंडक्टर नाहीये," ड्रायव्हर ओरडला. "गाडी सुटणार नाही."

माझ्या ओढणीवरची मूठ सैल झाली. मुंगी रांगेपर्यंत गेली, बघून परत आली. पुन्हा गेली. तिथे काहीतरी बोलणी झाली. मी खडू सोलायचं थांबवलं होतं.

ती परत आली ती थेट माझ्या पुढ्यात.

"आई, ऊठ."

"काय गं, शू लागली?"

"खुर्ची पाहिजे. कंडक्टरला सीट नाहीये."

"हत्तीला उठव की."

"त्याचं तिकीट काढलंय."

"मग मी कुठे बसू?"

तिनं जरा विचार केला. "तू पुढच्या गाडीनं ये."

मी उठले. खुर्ची सवयीप्रमाणे माझ्याबरोबर उठली. मुंगीनं ती दोन्ही हातांनी ओढून काढली आणि फरशीवरून फरफटत नेली. मदतीला मी पुढे झाले, तर बाईंनी फक्त मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, "गुपचूप जाऊ नका. सांगून जा."

मी बसच्या खिडकीशी, म्हणजे जिथे खिडकी असावी तिथे, वाकले. "मुंगी, मी निघते. सुट्टी झाली की न्यायला येते."

"बरं. बाजूला हो, गाडी सुटतेय."

बाहेर चपलांच्या फळीजवळ मी कान देऊन उभी राहिले. टाहो येईल, आता येईल. आतून फक्त भोंगा येत होता. मी साहेबांना फोन लावला.

"सोमवारी येते."

"मुलगी राहिली का हो शाळेत?"

"तिनं मलाच उठवलं," मी म्हटलं. ते "बरं बरं" म्हणाले, पण त्यांना काही कळलं नसावं.

मग मी फाटकाबाहेर रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिले. हसू येत होतं, मध्येच नाकही ओढावं लागत होतं. एका भाजीवाल्यानं काय हवं म्हणून विचारलं, तर त्याच्याकडून नको असलेला भोपळा घेतला.

सुट्टी झाली तेव्हा मुंगी सगळ्यात शेवटी बाहेर आली. फ्रॉक ओला, एक मोजा गायब. रडलीस का, खाल्लंस का, मोजा कुठाय, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी भोपळा छातीशी धरला आणि तोंड मिटून उभी राहिले.

"आई," ती आपणहून म्हणाली, "आमची गाडी डोंगरात अडकली."

"मग?"

"मग हत्तीला खाली उतरवलं. त्यानं ढकलली."

"मग?"

ती सांगत राहिली, पुढे पुढे चालत. वळणावर थांबून मागे बघितलं आणि मला हात केला, लवकर ये म्हणून.