कागदावर नसलेली ओळ

सगळं सांगितलंत डॉक्टर, आणि नेमकं तेवढंच गिळलंत.

फाल्गुनातली सकाळ. सातपुड्याच्या पायथ्याशी पळस पेटलेला. निष्पर्ण, निर्लज्ज, केशरी. तापीचं पात्र कृश, तरी रेतीखाली ओल. आणि ओसरीवर आपल्या अंथरुणाची वळकटी करणारा दिगंबर, बायकोच्या ऑपरेशनपासून चौदा महिने असाच, एकटा, कोवळ्या उन्हाच्या साक्षीनं. आत खाटेवर ती, हेमलता, डोळे मिटून जागी.

तीन वर्षं डायलिसिसच्या यंत्रानं तिचं रक्त धुतलं. तीन वर्षं तिचा देह म्हणजे राखेचं शेत; पाळी गेली, चव गेली, इच्छा गेली. मग तिच्या आईनं, इंदूबाईनं, आपली एक किडनी लेकीला दिली. ती बसवली पोटात उजवीकडे, खाली, कातडीच्या अगदी जवळ. आणि राखेला कोंब फुटला. गालांवर रक्त चढलं. पाळी आली. आणि एका दुपारी, नळाखाली अंग धुणाऱ्या दिगंबरची ओली, सावळी पाठ पाहताना, ती जुनी, रक्तवर्ण तहानही आली.

तो मात्र कागद पाळत होता. ऑपरेशननंतर तुम्ही दिलेला सूचनांचा कागद, देव्हाऱ्याशेजारी काचेत लावलेला. पाणी उकळून. पेरू सोलून. गोळी सकाळी आठला, पुन्हा रात्री आठला. प्रत्येक ओळ त्यानं व्रतासारखी पाळली; आणि जी ओळ त्या कागदावर नव्हती, ती मनाई समजून पाळली.

एकदाच तिनं त्याचा तळहात ओढून पोटावरच्या व्रणावर ठेवला. विस्तवावर पडल्यासारखा त्यानं तो उचलला.

"तिथं आई आहेत, हेमा," तो म्हणाला. "आणि माझं काही चुकलं तर? पुन्हा ते यंत्र?"

इंदूबाईच्या कानावर हे गेलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. हात थांबला नाही. "जावईबापूंना सांग, मी किडनी दिलीय. पहारा नाही बसवला."

हेमलता हसली, हसता हसता पदर भिजला.

"डॉक्टरांना म्हणू दे," दिगंबर जमिनीकडे बघत म्हणाला. "ते म्हणाले की झालं."

म्हणून आज ती तुमच्यासमोर आली. निळ्या पडद्याआड, स्पिरिटच्या वासात तिनं विचारलं. नवऱ्याजवळ झोपले तर चालेल का? दिवस गेले तर या गोळ्यांचं काय? आग झाली, दुखलं, तर कुणाला सांगू?

तुम्ही रिपोर्टवरून नजर उचलली नाहीत. "क्रिएटिनिन सुंदर आहे, बाई, किडनी छान चालतेय. जीव वाचला. आता आणखी काय पाहिजे?"

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. शेजारी बसलेल्या दिगंबरचे कान लाल झाले. तो उठला.

ती उठली नाही. पळसासारखी बसून राहिली. पान नाही, सावली नाही, नुसता रंग. लघवी किती होते ते तुम्ही थेंबाथेंबानं मोजलंत. त्या किडनीभोवती एक बाई आहे, तिचं माप कोण घेणार?

तिनं पिशवीतून तो कागद काढला, काचेतून सोडवून आणलेला. टेबलावर पालथा ठेवला, कोरी बाजू वर. त्यावर तुमचंच पेन.

"लिहा," ती म्हणाली. "हो, की नाही. आणि का, तेही."

पंखा फिरतो आहे. कोरा कागद थरथरतो आहे. दूर, तापीकाठी, पळस एकेक फूल गाळतो आहे.

बोला डॉक्टर, कधी लिहिता?