खिडकीभोवतीच्या दोन तारा

कारखान्यात तिला सगळे ‘शांतताबाई’ म्हणत. चालू इन्व्हर्टर आसपासच्या उपकरणांत जी गुणगुण घुसवतो, ती कमी करणं हे तिचं काम. घरात मात्र बापलेकींमध्ये शांतता मुबलक होती. आई गेल्यापासून बाबांचं कानाचं मशीन डबीतच असे. दूरच्या शहरातून दादाचा फोन आला, तरच बाहेर निघे. मशीनला फोनसाठी वेगळं बटण होतं; ते दाबलं की खोलीतले आवाज बंद आणि फोनमधलं तेवढं ऐकू येई.

त्या संध्याकाळी वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि दादाचा फोन आला. बाबांनी दोन वाक्यांत तो आटोपला.

“काय झालं?” तिने खुणेने विचारलं.

“कानात गांधीलमाशी शिरते. वीज गेली की हजर!” बाबा करवादले. “तुझ्या त्या डबड्याचीच करणी. कारखानाभर शांतता वाटत फिरतेस, आणि घरात हे.”

तिने कपाळाला हात लावला. इन्व्हर्टर तिनेच बसवला होता. भिंत नीटनेटकी दिसावी म्हणून बॅटरीची एक तार खिडकीच्या वरून नेली होती, दुसरी खालून. बाबांची खुर्ची नेमकी खिडकीला टेकलेली. एका तारेने जाऊन दुसरीने परतणाऱ्या प्रवाहाचं भलंमोठं वेटोळं झालं होतं, आणि मशीनमधलं फोनचा आवाज टिपणारं इवलंसं वेटोळं त्याची गुणगुण इमानेइतबारे पकडत होतं. एखाद्या नवशिक्याने असं केलं असतं, तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं.

सुट्टीच्या दिवशी तिने तारा सोडवल्या, आखूड केल्या आणि एकमेकींना खेटवून पट्ट्यांनी बांधल्या. जाणारा आणि येणारा प्रवाह इतके जवळ असले की एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. मग मेन स्विच पाडून तिने इन्व्हर्टर चालवला आणि बाबांना दादाला फोन लावायला लावला.

बाबा खूप वेळ बोलले. हसले, दादावर रागावले, सुनेच्या पाठदुखीची चौकशी केली. ती दारात उभी होती. आता आपल्याशीही बोलतील.

बाबांनी फोन ठेवला, मशीन काढलं. “झकास काम केलंस,” म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

ती आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. गुणगुण गेली होती. आता दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने स्वतःचा फोन उचलला आणि बाबांचा नंबर लावला.

बाहेर त्यांच्या खिशात फोन थरथरला असावा. मग मशीनची डबी उघडल्याचा आवाज आला.

“हॅलो, कोण?”

“मी, बाबा. आतल्या खोलीतून.”

बाबा म्हणाले, “अगं, किती स्वच्छ ऐकू येतंय तुझं! समोर बोलतेस तेव्हा पंखा, भांडी, सगळ्याचा काला होतो. सारखं ‘काय, काय’ तरी किती विचारायचं? तू दमून आलेली असतेस. बोल, बोल.”

तिने पाय पलंगावर वर घेतले.

“भाजीत मीठ जास्त झालं होतं का?”

“होतं,” बाबा म्हणाले. “कालही होतं.”