रुमालाखालचा भाव

अंबिकाला स्वतःचाच राग आला होता, आणि देवणीच्या पशुप्रदर्शनापासून तो काही केल्या उतरत नव्हता. तिनं वाढवलेल्या गोऱ्ह्याला पहिला नंबर मिळाला. पांढरंशुभ्र अंग, तोंड तेवढं काळं, बघत राहावं असं जनावर. फेटा मात्र बांधला गेला तिच्या दिराला, श्रीमंतला. तो मांडवात ऐटीत उभा, आणि ही मागं बायकांत टाळ्या वाजवतेय, तेही तळहात लाल होईपर्यंत. घरी येताना तिच्या मनात आलं, त्या माणसाचं तरी काय चुकलं? आपणच आपल्याला शेण काढणारी समजतो, मग दुसऱ्यानं कशाला मालकीण म्हणावं?

नवरा देविदास नांदेडला कंपनीत कामाला, सणावारालाच घरी येणार. गोऱ्ह्याची आई असलेली गाय तिच्या माहेरची. वैरणपाणी, आजारपण, गाईचं बाळंतपण, सगळं तिच्याच गळ्यात. बाजार तेवढा श्रीमंतकडं, कारण बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो, विकणारा त्याखाली हात घालतो आणि बोटं दाबून सौदा ठरतो. परक्या पुरुषाच्या रुमालाखाली बाईनं हात कसा घालायचा? या एका सोयीवर कितीतरी पुरुषांचं सुखात चाललंय. दीर घरी येऊन सांगेल तो आकडा अंबिकानं आजवर खरा मानला. आपल्याला काय कळतंय, हे तिनं कुणी न म्हणता स्वतःच ठरवून टाकलं होतं.

पुढच्या बाजाराला गोऱ्हा घेऊन ती स्वतःच निघाली तेव्हा श्रीमंत हसला. उन्हात उगं कशाला करपता, म्हणाला. ती दावं धरून चालू लागली.

बाजारात धोंडप्पा दलालानं गोऱ्ह्याच्या पाठीवर हात फिरवला, दात पाहिले, नाक मुरडलं आणि रुमाल काढला. श्रीमंतनं सवयीनं हात पुढं केला.

"भाऊजी, हात काढा," अंबिका म्हणाली. "काय भाव हाय तो तोंडानं बोलू द्या."

धोंडप्पानं तिला बाजाराची रीत समजावली. श्रीमंत दातओठ खात पुटपुटला, घरी चला, मग बघतो. अंबिकानं दावं हाताला गुंडाळलं आणि मोठ्यानं सांगितलं, "सव्वा लाख. ज्याला घ्यायचा त्यानं समद्यांदेखत बोलावं."

आजूबाजूचे हसले. हसू देत, आजवर काय कमी हसले? धोंडप्पा चिडून म्हणाला, साठ हजाराच्या वर कुत्रं विचारणार नाही. तो आकडा पलीकडं उभ्या असलेल्या चाकूरच्या चन्नबसप्पानं ऐकला आणि जागेवरूनच सत्तर म्हणाला. कुणीतरी ऐंशी म्हणालं. उघड्यावर बोलायचं म्हटल्यावर कुणाला मागं हटवेना. चन्नबसप्पा लाखावर येऊन थांबला तेव्हा धोंडप्पानं रुमाल खिशात घातला.

हे जरा जास्तीच होतंय, असं शेजारचा चन्नबसप्पाला म्हणाला. तर तो हसून म्हणाला, "कशाचं जास्त? वळू म्हणून ठेवतो. चार गावच्या गाई येत्याल, वर्षात पैसा वसूल."

श्रीमंतचा चेहरा खुलला. देऊन टाका वैनी, म्हणाला. अंबिका मात्र चन्नबसप्पाकडं बघत राहिली. याचा पैसा वर्षात वसूल होतो, मग माझा का होऊ नये? इतकी साधी गोष्ट एवढी वर्षं आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचं तिला हसू आलं, आणि संतापही.

"न्हाई विकायचा," ती म्हणाली. "वळू मीच ठेवते."

"बाईमाणसानं वळू ठेवायचा?" श्रीमंतचा आवाज चिरकला. "लोकं तोंडात शेण घालतील, वैनी."

"आजवर सांभाळला कुणी, भाऊजी? तवा न्हाई लाज वाटली."

चन्नबसप्पानं टोपी मागं सरकवून डोकं खाजवलं. तो रागावला नव्हता, हिशेब करत होता.

"दोन गाई हायत माझ्या," शेवटी तो म्हणाला. "घेऊन येतो. गावात कुणाचं घर म्हणून विचारू?"

श्रीमंतनं तोंड उघडलं.

"अंबिकाबाईचं," ती म्हणाली. स्वतःच्या नावाला बाई लावताना जीभ जरा अडखळली. म्हणून मग तिनं ते पुन्हा एकदा, धोंडप्पालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.