दुर्बिणीत दिसलं ते

कोडोलीच्या धोंडुबाईनं सुनेला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं, ते शेवटचा उपाय म्हणून. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शालनचं तिसऱ्या महिन्यात पोट गेलं होतं, गर्भ पडला होता. त्यानंतर सहा वर्षं काहीच नाही. "औंदा न्हाय जमलं तर माझ्या कृष्णातला दुसरी बायकू बघायची," असं धोंडुबाई सुनेसमोर बोलून मोकळी झाली होती.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई मुंबईला जाऊन दुर्बिणीचं काम शिकून आल्या होत्या. त्यांनी शालनला सगळं नीट सांगितलं. "कापायचं काही नाही. थोडी गुंगी देऊ. बारीक दुर्बीण खालच्या वाटेनं गर्भाच्या पिशवीत घालायची, पाणी सोडून पिशवी फुगवायची, म्हणजे आतलं दिसतं. नंतर पाळीसारखं पोट दुखेल, दोन दिवस थोडं अंगावरून जाईल. संध्याकाळी घरी जायचं."

"लई दुखंल का वं?" शालननं हळूच विचारलं.

"दुखायचं काय त्यात?" धोंडुबाई मधेच म्हणाली. "पोट गेलं तवा बी पिशवी धुतलीया की तिची. गावातच."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "कुणी धुतली?"

"हुता एक कंपाउंडर."

त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. नर्स शालनला आत घेऊन गेली.

बाहेर बाकावर धोंडुबाईला ते दिवस आठवायला लागले. ऊस तोडायला टोळी आली होती, घरात माणसांचा राबता. कोल्हापूरला न्यायला हवं, असं कृष्णात म्हणत होता. "बायकांस्नी हे हुतंयच," म्हणून तिनंच त्याला गप्प केलं होतं. कंपाउंडरनं आतल्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात काम उरकलं. शालन आठ दिवस तापानं फणफणत होती.

तासाभरानं धोंडुबाईला आत बोलावलं.

"मावशी, पिशवीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटल्यात. तेव्हा फार खरवडलं गेलं, वर जंतू झाले. जेवढं सुटलं तेवढं सोडवलंय. पण अस्तरच उरलेलं नाही. मूल राहील असं मी सांगणार नाही."

"म्हंजी तिच्यात खोट न्हवती?"

"नव्हती."

शालन शुद्धीवर आली तेव्हा ओठ कोरडे पडले होते. "आत्ती, काय म्हणाल्या बाई?"

धोंडुबाईला थाप मारता आली असती. तोंडात आलीही होती. पण तिनं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "माझ्यामुळं झालं, पोरी."

शालननं भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हणाली, "मी तुमचं पाय धरलं हुतं त्या दिवशी. दवाखान्यात न्या म्हणून."

"व्हय. धरलं हुतंस."

घरी आल्यावर धोंडुबाईनं कृष्णातलाही काही लपवलं नाही. तो ताटावरून उठून गोठ्यात गेला. दुसऱ्या लग्नाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. गल्लीत कुणी विचारलं, तर धोंडुबाई आपणहून सांगायची, चूक माझी हाय म्हणून. त्या कबुलीनं घरातलं काही बदललं नाही. शालन कामं करायची, वाढायची, विचारलं तेवढंच बोलायची.

महिन्यानं पुन्हा दाखवायला जायचं होतं. धोंडुबाई धुतलेलं लुगडं नेसून तयार झाली.

"तुमी ऱ्हावा घरी," शालन म्हणाली. आवाजात राग नव्हता.

ती आणि कृष्णात दोघं एस.टी.कडं चालत गेली. धोंडुबाई उंबऱ्यावर बसली. दुपार कलली तरी तिनं चूल पेटवली नव्हती.