मुक्ताबाईंचा भागाकार

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या गणित विभागात, दुसऱ्या मजल्यावर माझा मुक्काम असतो. माझा जन्म खाणीतला. पाटीच्याच काळ्या दगडाचा मी. पहिली कित्येक वर्षे माझ्यावर बहुतेक वेळा 'आज तास होणार नाही' एवढेच लिहिले गेले.

मग हिंजवडीच्या मुक्ताबाई आल्या. आयटी पार्कला गेलेल्या जमिनीचे पैसे त्यांनी विद्यापीठाला कायम ठेव म्हणून दिले. मूळ रक्कम मोडायची नाही. व्याजावर गणित आणि संगणकशास्त्राचे संशोधन चालवायचे. "म्हस इकायची न्हाई, दूध काढायचं," असे त्यांनी सांगितले. अट एकच घातली, वर्षातून एकदा इथे बसून काम बघू द्यायचे.

त्या व्याजातून दीपालीला पाठ्यवृत्ती मिळाली. एखादे कोडे सोडवायला संगणकाला कमीत कमी किती पायऱ्या लागतीलच, याची सिद्धता ती शोधत होती. "याचा उपयोग काय?" असे कोणी विचारले की ती म्हणे, "अजून माहीत नाही." तीन वर्षे ती माझ्याशीच बोलली म्हणा ना! आठवडाभर माझ्यावर लिहायचे, कोपऱ्यात 'पुसू नये' अशी चौकट आखायची आणि शनिवारी सगळे वहीत उतरवायचे, ही तिची रीत. शेवटच्या वर्षी सिद्धता अखेर जुळली. तो गुरुवार होता.

मुक्ताबाई शुक्रवारी येणार होत्या. विभागप्रमुख सर सकाळीच शिपाई समाधानला घेऊन आले.

"समाधान, हा पसारा पुसा. पाहुण्या यायच्यात."

"सर, पुसू नये लिहिलंय."

"अहो, ते विद्यार्थ्यांसाठी असतं!"

ओले फडके फिरले. मग माझ्यावर रंगीत खडूने 'मुक्ताबाईंचे हार्दिक स्वागत' उमटले, भोवती फुलेही. एवढा नटलो, पण मला रडू येत होते.

दीपाली आली आणि "माझी सिद्धता!" म्हणत दारातच खाली बसली. मागोमाग आलेल्या मुक्ताबाईंनी तिला पाहिले, मग मला पाहिले.

"माझं नाव वाचाया आले न्हाई मी. ह्या पोरीचं काम बघाया आले. पुसा ते!"

सरांनी स्वतःच फडके उचलले.

"आजी, सगळं आठवत नाहीये," दीपाली म्हणाली.

"आठवंल. मी बसते हितंच."

मुक्ताबाई पहिल्या बाकावर बसून राहिल्या. दीपाली लिहीत होती, खोडत होती. दुपारी एका पायरीवर ती तासभर अडली. मुक्ताबाईंना त्यातले एक अक्षर कळत नव्हते, तरी त्यांची नजर हलली नाही. ऊन उतरता उतरता ती पायरी सापडली आणि दीपालीने लगेच सगळे वहीत उतरवले.

तेव्हा मुक्ताबाईंनी खडू मागितला. "चौथीत फळ्यावर भागाकार करत हुते. निम्म्यात बा आला, म्हशीमागं घिऊन गेला." त्यांनी माझ्या कोपऱ्यात ३४२ भागिले ९ मांडले. उत्तर आले ३८, बाकी शून्य. दीपालीने त्याभोवती चौकट आखली.

पुढच्या वर्षी मुक्ताबाई आल्या नाहीत. आता कधीच येणार नाहीत. दीपाली दूरच्या विद्यापीठात शिकवते. व्याज मात्र न चुकता येते आणि त्यावर ऋचा नावाची मुलगी संशोधन करते. ती समोरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहिते. माझ्या वाट्याला खडू येत नाही. दर शुक्रवारी दाराकडे माझे लक्ष जाते. त्या बाकावर कुणीतरी येऊन नुसते बसावे, असे फार वाटते.

मित्रांनो, न कळणारे काही दिसले तर पुसण्याआधी विचारा. समाधान रोज माझी धूळ झटकतो, पण तेवढा कोपरा सोडून. तिथे अजून ३८ आहे, बाकी शून्य.