काऊनचं उत्तर

त्या पत्रात प्रश्न एकच होता, आणि तोही एका शब्दाचा. मनसारामने तेरा वर्षं त्याचं उत्तर पाठवलं नव्हतं.

लिहायला घेतलं नव्हतं असं मात्र नाही. निदान वीस वेळा तरी कागद पुढे ओढला असेल. ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ इथपर्यंत सगळं सुरळीत चाले. पुढे विशेष काय, ते सुचत नसे. मग कागदाची घडी होई आणि ती चुलीत जाई.

पत्र निळ्या आंतरदेशीय कागदावर होतं. वर पत्ता एवढाच: ‘मनसारामभाऊ, वाचनालय, घुग्घुस.’ घुग्घुसमध्ये कोळशाच्या ट्रकांना तोटा नव्हता, पण वाचनालय एकच होतं आणि ते सांभाळणारा माणूसही एकच. पोस्टमनने पत्र सरळ त्याच्या टेबलावर आणून टाकलं होतं.

त्या काळी वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असे. मधल्या वेळात मनसाराम घरी जात नसे. डबा खायचा, दार आतून लावायचं आणि कूलरसमोर पुस्तक घेऊन बसायचं. एका वर्षी अनुदानातून संगणक आला, त्याच्यामागे इंटरनेट आलं, आणि त्या दोघांचं करायचं काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. खाणीत पाळीवर जाणारा सुनिल नावाचा एक वाचक होता. रहस्यकथा संपल्या की तो मनसारामचं डोकं खाई.

‘‘भाऊ, किती दिवस पुस्तकाच्या धुळीत राहान? चला, तुमाले आभाळात सोडतो.’’

‘‘मले नाई जमत बा.’’

‘‘माऊस तं धरता येते ना? मंग झालं.’’

सुनिलने त्याला जो खेळ लावून दिला, त्यात हजारो तारे होते. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायला दारं होती आणि त्या दारांतून जगभरची माणसं आपापली यानं घेऊन ये-जा करत. मधल्या भागात पोलिसांचा पहारा असे. कडेच्या ताऱ्यांकडे कोणाचाच कायदा नव्हता. सुनिल पंधरा दिवसांत कंटाळला. ‘‘याच्यात नुसती वाट पाहत बसनं हाय,’’ म्हणाला आणि पुन्हा रहस्यकथांकडे वळला.

पण वाट पाहणं हे तर मनसारामच्या घराण्याचं काम. बाप ढिवर, तलावावर मासे धरणारा. सांडव्याजवळ पाणी अरुंद होतं, तिथे जाळं लावून तो तासन् तास हलायचा नाही. मनसारामने तेच केलं. एक लहान, चपळ यान घेतलं आणि बापाच्या लाकडी खोडाच्या होडीवरून त्याचं नाव ठेवलं, डोंगा. ते घेऊन तो एखाद्या दाराशी दबा धरून बसे. एकटं यान आलं की त्याला पळता येऊ नये असं यंत्र आधी लावायचं, मग तोफा चालवायच्या आणि फुटलेल्या यानातला माल उचलायचा. सरळ चाचेगिरी. बाकीचे चाचे टोळीने फिरत. मनसाराम एकटाच असे, कारण टोळीत बोलावं लागतं.

वाचकाने वर्षभर ठेवून घेतलेलं पुस्तक परत मागायलाही लाजणारा हा माणूस दुपारी दोन वाजता फिनलंडच्या लोकांची यानं फोडत असे. फुटलेले लोक त्याला इंग्रजीत काहीबाही लिहीत. तो ते शब्द वाचनालयाच्या मोठ्या कोशात शोधी. सापडत नसत, तेव्हा त्या शिव्या असाव्यात हे त्याच्या लक्षात येई. तरी लढाईनंतर ‘जीएफ’ लिहायला तो कधी चुकला नाही. छान लढलात, असं समोरच्याला सांगायची ती तिथली रीत होती.

त्या दुपारी आठवल्या की अजूनही त्याच्या नाकात वाळ्याचा ओला वास भरतो. बाहेर ट्रक गेला की कपाटांच्या काचा थरथरत. संगणकाच्या पडद्यावर कोळशाची बारीक धूळ बसे, आणि तारा कोणता, कण कोणता, हे बोट फिरवल्याशिवाय कळत नसे. तसं मोकळं मनसारामला आयुष्यात कधी वाटलं नाही, लग्नानंतर नाही, नोकरी पक्की झाली तेव्हाही नाही.

एप्रिलमधल्या अशाच एका दुपारी दारातून एक थोराड मालवाहू यान बाहेर पडलं. अशी यानं डोंगा दिसला की आल्या पावली परत फिरत. हे फिरलं नाही. थांबलं. मग हळूहळू डोंग्याच्याच दिशेने येऊ लागलं. मनसारामने घाईघाईने तोफा चालवल्या. समोरून एकही गोळा आला नाही. यान फुटलं, मालक ज्यात बचावतो ती छोटी कुपी तेवढी तरंगत राहिली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात रोमन लिपीत चार अक्षरं उमटली. के, ए, यू, एन. पुढे प्रश्नचिन्ह.

कोणी हिंदीवाला दिसतो, मनसारामला वाटलं. ‘कौन’ विचारतोय. आपण कोण ते विचारतोय. आजवर तिथे त्याला कोणी नाव विचारलं नव्हतं. वाचनालयाच्या नोंदवहीत लिहावं तसं त्याने खरंखुरं लिहून टाकलं: मनसाराम, वाचनालय, घुग्घुस. खाली ‘जीएफ’ लिहिलं आणि डोंगा वळवला.

बारा दिवसांनी पत्र आलं.

‘मनसारामभाऊ, मी सुरेंद्र. गडचिरोलीले कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो, दुपारी बॅच नसते. घर सिरोंच्याकडं. माल गेला त्याचं काई नाई, खेळच हाय. तुमच्या यानाचं नाव इंग्रजी अक्षरात वाचलं. आमच्याकडं तेलुगूत दोंग म्हंजे चोर. पन माझा बाप नदीत डोंगा चालवते. मी म्हटलं, हा आपल्याकडचा मानूस हाय, दोन गोष्टी बोलू, म्हनून थांबलो. तुमी मारलं. मी काऊन इचारलं, तं तुमी नावगाव सांगून चालले गेले. मी संध्याकाळच्या बॅचपर्यंत तिथीच थांबून होतो. मले नाव नव्हतं पायजे. मारलं काऊन, थे सांगा.’ खाली सिरोंचा तालुक्यातला घरचा पत्ता होता.

मनसारामने तो शब्द पुन्हा वाचला. काऊन, म्हणजे का! जन्मापासून दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द. पण तो त्याने कधी छापलेला पाहिला नव्हता. जो शब्द पुस्तकात नाही, तो पडद्यावर तरी कसा असेल? म्हणून त्याने तो हिंदी वाचला. सुरेंद्रने यानाच्या नावाचे चोर आणि होडी असे दोन अर्थ समोर असताना चांगला निवडला होता, आणि मनसाराम आपलाच शब्द ओळखू शकला नव्हता.

त्या खेळात तो पुन्हा गेला नाही. पुढे निवृत्त झाला. संगणक भंगारात गेला, सुनिलची बदली झाली. पत्र मात्र राहिलं.

यंदा दिवाळीनंतर त्याचा उजवा हात थरथरू लागला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, अक्षर हळूहळू बारीक होत जाईल, पुढे लिहिणं अवघड होईल. वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाचं कार्ड त्याच्या हातचं होतं. आयुष्यात मिरवण्यासारखं त्याच्याकडे ते अक्षरच काय ते होतं. आता लिहिलं नाही, तर उत्तर दुसऱ्या कोणाला सांगून लिहवून घ्यावं लागेल. आणि हे तो कोणाला सांगणार?

सकाळी तो ओसरीवर कागद घेऊन बसला. बायको, देवकाबाई, शेजारी सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. हात थांबला, तेव्हा मनसारामने हिय्या करून तिला सगळी हकिगत सांगितली आणि लिहिलेलं वाचून दाखवलं.

‘‘सदर क्रीडाप्रकाराच्या नियमांनुसार एकाकी मालवाहू यानावर चाल करणे वैध असून...’’

‘‘अजी, हे पत्र हाय का कोर्टाचा कागद?’’

‘‘खुलासा हाय.’’

‘‘त्यानं काऊन इचारलं. तुमी नियम काऊन सांगून राह्यले?’’

‘‘नियमात होतं म्हनून तं मारलं.’’

‘‘अन् बाकीचे?’’

‘‘त्याइलेबी मारलं.’’

‘‘त्याइची लाज नाई वाटत तुमाले. याचीच काऊन वाटते?’’

मनसारामने चष्मा काढून धोतराला पुसला. पुन्हा लावला.

‘‘थे पळत होते. हा थांबला.’’

‘‘मंग?’’

‘‘जवळ येत होता. आता हा बोलन, असं वाटलं.’’

देवकाबाईने सूप खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावून हसली. ‘‘घरी पाहुने आले का तुमी मागच्या दारानं गायब! तसंच ना?’’

‘‘तसंच,’’ मनसाराम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

‘‘मंग थेच लिहा ना. तेरा वर्सं काय पंचांग पाहत होते?’’

त्याने नवा कागद घेतला. अक्षर मुंगीएवढं येत होतं, पण वळण सुटलं नव्हतं.

‘सुरेंद्रभाऊ, तुमी काऊन इचारलं. मी कौन वाचलं. तुमी थांबले, जवळ येऊन राह्यले, तं मले वाटलं आता हा मानूस बोलन. मले बोलता येत नाई. त्याची भिती वाटली, म्हनून मारलं. दुसरं काई कारण नाई. तुमी संध्याकाळपर्यंत थांबले हे वाचलं तवाच मी परत याले पायजे होतं. आलो नाई, ही दुसरी चूक. तुमच्या बापाच्या डोंग्याबद्दल ऐकाची लय इच्छा हाय. फोनवर मले जमत नाई. पत्र लिहा. अक्षर बारीक हाय, माफ करा. तुमचा, मनसाराम.’

‘काऊन’ हा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिला. लिहून झाल्यावर त्याच्याकडे नीट पाहिलं. कागदावर तो शोभत होता.

ऊन चढायच्या आत तो पोस्टात गेला. खिडकीतल्या रीताबाईने पाकीट उलटसुलट केलं.

‘‘काका, स्पीडपोस्ट करा ना. पोचलं का नाई थे मोबाइलवर समजते.’’

‘‘नाई नाई, साधंच राहू द्या,’’ तो घाईने म्हणाला. माणूस अजून त्या पत्त्यावर असेल की नसेल, हे त्याला पोस्टाकडून कळायला नको होतं. कळायचंच तर त्याच माणसाकडून कळावं.

बाहेर येऊन तो लाल पेटीपुढे उभा राहिला. हात थरथरत होता, त्यामुळे पाकीट फटीत एकदम जाईना. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्याने ते आत सारलं. ते खाली पडल्याचा आवाज आला आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की ‘भीती’ त्याने ऱ्हस्व लिहिली होती.