शेडमागचा ढीग

नोरीनने टोमॅटोचं पान उलटं केलं आणि तिला आनंद झाला.

पान द्रोणासारखं आत वळलं होतं. शेंडे नेच्याच्या कोवळ्या कोंबासारखे गुंडाळलेले, देठ जाड आणि पिळवटलेले. तणनाशकाचा अंश लागला की टोमॅटो असाच होतो. पन्नास वर्षं टोमॅटो लावणाऱ्या बाईला ते ओळखायला चष्मा लागला नसता. तरी तिने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, कारण पुन्हा एकदा नीट बघावंसं वाटलं.

"थंडीने झालं असेल का हो?" इमोजनने विचारलं. ती आपल्या पॉलिहाऊसच्या दारात हात पुसत उभी होती. "आधी मला वाटलं थंडी. मग वाटलं पाणी जास्त होतंय."

"थंडीने पान करपतं. वळत नाही," नोरीन म्हणाली. "काय फवारलंस?"

"काहीच नाही."

"असं आपोआप नाही होत, बाळा."

'बाळा' तिने मुद्दाम म्हटलं. इमोजन चौतीस वर्षांची होती.

तपासणीच्या फेरीत नोरीनच्या जोडीला क्लाइव्ह होता. तो निवृत्त शाळामास्तर, मधमाश्या पाळायचा आणि शनिवारच्या बाजाराचा चिटणीस होता. टास्मानियातल्या त्या खोऱ्यातल्या बाजाराचे नियम दोनच होते. विकायचं ते स्वतः पिकवलेलं हवं, आणि त्यात विष नको. सरकारी प्रमाणपत्राचा खर्च तिथल्या छोट्या शेतकऱ्यांना झेपणारा नव्हता. म्हणून दर नोव्हेंबरात सभासद जोडीजोडीने एकमेकांच्या शेतांवर जात, वाफे बघत, शेड उघडायला लावत, नको ते प्रश्न विचारत. गिऱ्हाईक भाजी डोळे मिटून घ्यायचं ते या फेऱ्यांच्या भरवशावर. एका टेबलावर विष सापडलं असतं तर बाजारातल्या अठराही टेबलांचं नाव गेलं असतं.

"खत कुठलं घातलंस?" क्लाइव्हने फॉर्मवर पेन टेकवत विचारलं.

"नोरीनचंच की. ऑगस्टमध्ये ट्रेलर भरून दिलं त्यांनी. तेवढं त्या टोकापर्यंत पुरलं नाही, इथे आत बाकी सगळीकडे तेच आहे." इमोजन हसली. "त्यात काय असणार?"

क्लाइव्हने नोरीनकडे पाहिलं. नोरीन पान बघत होती.

"शेणखताने पान वळत नाही," ती म्हणाली.

क्लाइव्हने लिहिलं: तणनाशकाचा संशय. मग घसा साफ केला. "सभा एकोणतीस तारखेला आहे. तोवर टेबल लावू नकोस, इमोजन."

"अहो, पण बाहेर लेट्युस कापायला आलंय! घेवडा आलाय! त्यांना काही झालेलं नाही, बघा ना चला."

"नियम सगळ्यांना तोच आहे गं."

इमोजनने नोरीनकडे पाहिलं, ही काहीतरी बोलेल अशा आशेने. नोरीन चष्मा घडी करून खिशात ठेवत होती.

बाजाराच्या तोंडाशी एक काळी पाटी टांगलेली असे. नाताळाच्या आधी जो पहिला पिकलेला टोमॅटो आणेल त्याचं नाव तिच्यावर खडूने लिहायचं, आणि त्या टोमॅटोच्या पातळ चकत्या कापून प्रत्येक टेबलावर मीठ लावून वाटायच्या. बक्षीस वगैरे काही नव्हतं. एकोणीस वर्षं त्या पाटीवर नोरीनचं नाव लागत होतं. डिसेंबरात जिथे उन्हाळा जेमतेम सुरू होतो अशा थंड देशात टोमॅटो लाल करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

पाच वर्षांपूर्वी इमोजन मेलबर्नहून आली. ओळखदेख नसताना वही घेऊन नोरीनच्या अंगणात उभी राहिली. बी कधी टाकायचं, पानांच्या बेचक्यातल्या बगलफुटी कधी खुडायच्या, रात्री पॉलिहाऊस किती बंद ठेवायचं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय म्हटल्यावर माणूस बोलतो. नोरीनही बोलली, सगळं बोलली. आणि दोन वर्षांपूर्वी चौदा डिसेंबरला इमोजनने टेबलावर लालबुंद टोमॅटो ठेवला. नोरीनचे चार दिवसांनी पिकले. गेल्या वर्षी सहा दिवसांनी. वाटलेली चकती नोरीनने खाल्ली आणि म्हणाली, "मीठ छान आहे."

रांगही तिकडे सरकली. नोरीनची सख्खी नणंद पिशवी पाठीमागे लपवत इमोजनच्या टेबलाकडे जायची. यातलं सगळ्यात जास्त झोंबायचं ते वेगळंच होतं. इमोजन प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "हे मला नोरीनने शिकवलंय." आणि गिऱ्हाईक मान डोलावून तिच्याकडूनच घ्यायचं.

त्या दिवशी घरी आल्यावर नोरीनने नवऱ्याला सगळं सांगितलं. डेस पेपर वाचत होता.

"म्हणजे यंदा पाटी तुझी," तो म्हणाला.

"पाटीचा इथे काय संबंध?"

"काही नाही. दोन वर्षांनी तू शिट्टी वाजवत भांडी घासतेयस, म्हणून म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या टोमॅटोच्या बगलफुटी खुडताना नोरीनचा हात थांबला. इमोजनच्या ओळीतली शेवटची सहा झाडं सरळ होती. काल तिने ती पाहिली होती, पण वळलेली पानं बघण्याच्या नादात मनावर घेतली नव्हती. फवारा वाऱ्याबरोबर पसरतो, हळूहळू विरळ होत जातो. तो रेघ मारल्यासारखा शेवटून सातव्या झाडाशी थांबत नाही. खत मात्र थांबतं. ट्रेलर रिकामा झाला की थांबतं.

तिच्याकडे खताचे दोन ढीग होते. गोठ्याजवळचा काळाभोर, भुसभुशीत. तो ती स्वतः वापरायची. दुसरा सफरचंदांच्या जुन्या शेडमागे. तीन वर्षांपूर्वी पाऊस हुकला तेव्हा गाईंसाठी बाहेरून वाळलेल्या गवताच्या गासड्या आणल्या होत्या. त्या हिवाळ्यातलं शेण मागे ढकललेलं. अर्धवट कुजलेलं, काडीकचऱ्याचं, तणाच्या बियांनी भरलेलं. ऑगस्टमध्ये इमोजनने खत मागितलं, तेव्हा नोरीन ट्रॅक्टर घेऊन गोठ्याकडे निघाली होती. वाटेत तिने तो शेडकडे वळवला.

शेतकी खात्याचं एक पत्रक फ्रिजवर कधीपासून लावलेलं होतं. काही तणनाशकं गवतावर मारली की गाईच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात आणि ढिगात वर्षानुवर्षं टिकतात. शंका असेल तर त्या खतात घेवडा लावून बघा. नोरीनने सहा कुंड्या घेतल्या. तीन शेडमागच्या ढिगाच्या, तीन गोठ्याजवळच्या. एकेका कुंडीवर तिचा विश्वास नव्हता. माती तीच, पाणी तेच, खिडकी तीच.

"स्वयंपाकघरात घेवडा?" डेस म्हणाला. "सूप करायला झाडावरून थेट पातेल्यात का?"

"हात लावू नकोस."

आठव्या दिवशी सगळ्या कुंड्यांत कोंब आले. अकराव्या दिवशी सहाही रोपं सारखी, ताठ. नोरीनला इतकं हलकं वाटलं की तिने सकाळीच केक भाजायला घेतला. म्हणजे इमोजननेच काहीतरी मारलं होतं. म्हणजे आपण खरं तेच लिहवून घेतलं. चौदाव्या दिवशी पुढची पानं फुटली. खिडकीतल्या डाव्या तीन कुंड्यांत ती उघडलीच नाहीत. मूठ आवळल्यासारखी वळून राहिली. उजव्या तीन कुंड्यांत ती तळहाताएवढी पसरली.

डेस चहा करायला आला आणि कुंड्यांपाशी उभा राहिला.

"डावीकडचा ढीग कुठला?"

"शेडमागचा."

"तो तर तू आपल्या टोमॅटोला कधी घालत नाहीस."

"नाही."

"मग तिला का दिलास?"

नोरीनने ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. "चांगला द्यायचा नव्हता," ती म्हणाली.

डेसने हातातली किटली खाली ठेवली.

"टेबल वर्षभर बंद होईल आपलं," नोरीन म्हणाली. "ज्याच्या शेतातून निघालं त्याचं टेबल बंद. नियमच आहे तो. आईच्या वेळेपासून ते टेबल एकही शनिवार चुकलेलं नाही."

"माहितेय."

"कुंड्या मागे नेऊन ओतल्या तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

"नाही कळणार," डेस म्हणाला. "मी काही पाहिलेलं नाही. मी चहा करायला आलो होतो." आणि चहा न करताच बाहेर गेला.

एकोणतीस तारखेला अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये सभा होती. इमोजन पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर तीच वही. तीन शनिवार तिचं लेट्युस उभ्या जागी फुलोऱ्यावर येऊन वाया गेलं होतं. क्लाइव्हने फॉर्म वाचायला घेतला, तेव्हा नोरीन मागून उठली, फळांचा खोका उचलून पुढे आली, आणि त्यातल्या सहा कुंड्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

तिने थोडक्यात सांगितलं. बाहेरचं गवत, गाई, ढीग, घेवडा.

"तुला काय माहीत होतं, नोरीन?" क्लाइव्ह लगेच म्हणाला. "गवतात कुणी काय मारलंय ते गासडीवर लिहिलेलं नसतं. हे चुकून झालंय. इथल्या कुणाच्याही हातून झालं असतं."

माना डोलल्या. कुणीतरी "खरंय, खरंय" म्हणालं. इथेच थांबून खाली बसता आलं असतं. नोरीनने खुर्चीकडे पाहिलंसुद्धा.

"विष आहे हे माहीत नव्हतं," ती म्हणाली. "ढीग वाईट आहे हे माहीत होतं. चांगला ढीग गोठ्याजवळ होता. तो मी तिला दिला नाही."

"का?" हे इमोजनने विचारलं.

"तुझे टोमॅटो माझ्या आधी पिकतात म्हणून."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

इमोजनने वही मिटली. "त्या खताच्या बदल्यात मी तुम्हाला जर्दाळूचा जॅम आणून दिला होता," ती म्हणाली.

"हो. संपवला मी."

सभेने ठरवलं ते नियमाप्रमाणे. नोरीनचं टेबल वर्षभर बंद. इमोजनने पुढच्या शनिवारपासून बाहेरची भाजी आणावी. पॉलिहाऊसमधली खत घातलेली माती मात्र वीतभर खोल काढून कुरणात पातळ पसरायची, तोवर तिथलं काही विकायचं नाही. शेवटची सहा झाडं तेवढी राहू द्यायची.

आठवडाभराने, सोमवारी सकाळी नोरीन ढकलगाडी आणि दाताळं घेऊन इमोजनच्या फाटकाशी उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

इमोजनने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमची कंबर धरेल."

"धरू दे."

"मी चहा-बिहा विचारणार नाहीये."

"डबा आणलाय मी."

दोघी खणू लागल्या. वळलेली झाडं उपटून एका बाजूला, माती गाडीत, गाडी दारातून कुरणात. पहिल्या दिवशी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी इमोजन फक्त "तिथे अजून खोल" म्हणाली, आणि नोरीनने तिथे अजून खोल खणलं. या वयात कुणी आपल्याला कसं खणायचं ते सांगावं! नोरीनला राग आला. इमोजनचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

तिसऱ्या दिवशी नऊ डिसेंबर होता. नोरीन भरलेली गाडी दाराकडे ढकलत होती. वाट अरुंद, गाडीची कड त्या सहा झाडांच्या पानांना घासून जायची. दुसऱ्या झाडाच्या बुडाशी, पानाआड, एका टोमॅटोचं टोक नारिंगी झालं होतं. फिकट, नखाएवढं, पण झालं होतं. शनिवारपर्यंत लाल होणार. घरी सकाळीच नोरीनने आपल्या झाडावरचा प्रत्येक टोमॅटो दाबून पाहिला होता. सगळे दगडासारखे हिरवे.

तिला हेवा वाटला. तोच जुना, ओळखीचा. सभेत सगळं बोलून टाकल्यावर तो जाईल असं तिला वाटलं होतं.

इमोजन पाठमोरी खणत होती. तिने अजून पाहिलेलं नव्हतं.

नोरीनने गाडी मागे घेतली. वळवली, आणि पॉलिहाऊसच्या मागच्या दाराने बाहेर काढली. तिकडून कुरण लांब पडायचं, आणि गवत ओलं होतं. चाक रुतत होतं. पुढची गाडीही तिने तिकडूनच नेली. त्यानंतरचीही.

"अहो, इकडून जवळ पडतं की," इमोजन मान न वळवता म्हणाली.

"असू दे," नोरीन म्हणाली, आणि दांडे उचलले.